बारा बटणांचा अ‍ॅडाफ्रूट मॅक्रोपॅड : ऑटोकॅड आणि कोरलच्या कामात किती उपयोगाचा?

ऑटोकॅड या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरवर काम करणाऱ्याचा उजवा हात माउसवर असतो आणि डावा एस्केपपासून स्पेसबारपर्यंत सतत ये-जा करत असतो. मॅक्रोपॅड म्हणजे मोजक्या बटणांचा छोटा जोडकीबोर्ड, ज्याच्या एकेका बटणावर अनेक कींचा क्रम (मॅक्रो) ठेवता येतो. तो घ्यायचा या डाव्या हातासाठी. असे पॅड बाजारात पुष्कळ आहेत. इथे विचार केला आहे तो न्यूयॉर्कच्या अ‍ॅडाफ्रूट कंपनीच्या मॅक्रोपॅड आरपी२०४० चा, कारण त्याच्या प्रत्येक बटणाने नेमकं काय करायचं हे आपल्याला एकेका कीपर्यंत लिहून देता येतं. निकाल आधीच सांगायचा तर, साधी मजकूर-फाइल उघडून कंस आणि स्वल्पविराम न चुकवता त्यात चार ओळी घालता येत असतील तर डिझाइनच्या कामाला हा पॅड फार चांगला आहे. सगळं माउसने ओढून बसवायची अपेक्षा असेल तर घेऊ नका.

२०२१ साली आलेल्या या बोर्डावर तीन रकाने आणि चार ओळींत बारा बटणं आहेत, वरच्या बाजूला दाबता येणारा नॉब आणि १२८ गुणिले ६४ पिक्सेलचा एकरंगी ओएलईडी पडदा. मेंदू रास्पबेरी पायचा आरपी२०४०, सोबत ८ एमबी फ्लॅश. प्रत्येक बटणाखाली रंगीत दिवा आहे, एक छोटा स्पीकर आहे आणि वरच्या कडेला यूएसबी-सी. बटणांचे स्विच सोल्डर करावे लागत नाहीत. चेरी एमएक्स पद्धतीचा कोणताही स्विच सॉकेटमध्ये दाबून बसवायचा. बसवताना दोन्ही पिना सरळ आहेत ना हे बघूनच दाबा. पिन वाकून स्विचच्या पोटाखाली गेली तर वरून सगळं ठीक दिसतं आणि बटण मात्र मुकं राहतं. अशा वेळी बोर्ड खराब म्हणून परत पाठवण्याआधी स्विच उपटून पिन चिमट्याने सरळ करावी.

बाराही बटणं चिपच्या स्वतंत्र पिनांना जोडलेली आहेत, त्यामुळे नेहमीच्या कीबोर्डांतली आडव्या-उभ्या तारांची जाळी इथे नाही आणि तीन-चार बटणं एकदम दाबली तरी भलतीच की उमटत नाही. स्विच निवडताना स्पर्शाला टप्पा जाणवणारे, म्हणजे टॅक्टाइल, घ्यावेत असं ठाम मत आहे. लिहिण्याच्या कीबोर्डावर चुकून एक अक्षर पडलं तर ते खोडता येतं. इथे एका बटणामागे सात-आठ की असतात, आणि नुसता हात टेकल्याने दबणारा हलका, टप्पा नसलेला लिनियर स्विच अख्खी आज्ञा चालवून मोकळा होतो.

पहिल्यांदा चालू करण्याची रीत अशी. पायथनमध्ये लिहिलेला कोड बोर्डावर चालवणारं अ‍ॅडाफ्रूटचं सर्किटपायथन या बोर्डासाठीच्या यूएफ२ फाइलच्या रूपात उतरवून घ्यायचं. नॉब दाबून धरायचा (बूटचं बटण तोच आहे) आणि रिसेटचं छोटं बटण दाबून सोडायचं. संगणकावर पेनड्राइव्हसारखा एक ड्राइव्ह दिसू लागतो. त्यात यूएफ२ फाइल टाकली की तो नाहीसा होतो आणि सर्किटपाय नावाचा नवा ड्राइव्ह येतो. त्यातल्या लिब फोल्डरमध्ये मॅक्रोपॅड, एचआयडी, निओपिक्सेल, डिस्प्ले-टेक्स्ट वगैरे लायब्रऱ्या, म्हणजे तयार कोडचे संच, ठेवायच्या. बहुतेकांचं घोडं इथेच अडतं. सर्किटपायथनची मुख्य आवृत्ती आणि लायब्रऱ्यांच्या गठ्ठ्याची आवृत्ती एकच हवी. नाहीतर लायब्ररीची फाइल जुळत नाही असा संदेश येतो आणि पॅड काहीच करत नाही. आणि नॉब-रिसेट करूनही ड्राइव्हच दिसला नाही, तर पहिला संशय केबलवर घ्या. मोबाइल चार्जरबरोबर येणाऱ्या कित्येक केबलींमध्ये डेटाच्या तारा नसतात.

अ‍ॅडाफ्रूटनेच हॉटकीज नावाचा तयार प्रकल्प दिला आहे, तोच पाया म्हणून वापरावा. त्यात मॅक्रोज नावाचं फोल्डर असतं आणि प्रत्येक सॉफ्टवेअरसाठी एक फाइल. फाइलमध्ये प्रत्येक बटणाची एक ओळ: दिव्याचा रंग, पडद्यावरचं नाव आणि पाठवायच्या कींचा क्रम. नाव सात अक्षरांत बसवावं लागतं, कारण १२८ पिक्सेलच्या रुंदीत सहा पिक्सेलचं अक्षर धरलं तर ओळीत एकवीस मावतात आणि ती तीन रकान्यांत वाटायची. नावं रोमन लिपीतच ठेवा. पडद्याच्या अंगभूत फॉन्टमध्ये देवनागरी नाही, आणि वेगळा फॉन्ट टाकला तरी जोडाक्षरं आणि वेलांट्या जागेवर बसवण्याची सोय या लायब्रऱ्यांत नाही.

क्रम लिहिण्याचे नियम थोडे आहेत, पण प्रत्येकाला एक खाच आहे. पूर्णांक म्हणजे की दाबा, तोच उणे म्हणजे सोडा, अवतरणातला मजकूर म्हणजे तो टाइप करा, दशांश संख्या म्हणजे तितके सेकंद थांबा. म्हणून एक सेकंद थांबायचं असेल तर १.० असंच लिहावं. नुसता १ लिहिला तर पॅड ती एक की समजतो. एस्केप दोनदा हवा असेल तर एस्केप, उणे एस्केप, एस्केप, उणे एस्केप असं चार तुकड्यांत लिहावं, कारण आधीच दाबलेली की पुन्हा दाबायला सांगून काही घडत नाही. तिसरी खाच सर्वांत छळते: कंट्रोल दाबून पुढे अवतरणात दोन अक्षरं दिली, तर कंट्रोल फक्त पहिल्या अक्षराला लागतो. मजकूर लिहिणारी लायब्ररी प्रत्येक अक्षरानंतर सगळ्या की सोडून देते. पुढच्या अक्षरासाठी कंट्रोल पुन्हा लिहावा लागतो.

आता खरा मुद्दा. मॅक्रोपॅडला समोरच्या पडद्यावर काय चाललं आहे हे कळत नाही. तो फक्त की पाठवतो. त्यामुळे चालू-बंद अशी उलटापालट करणारी आज्ञा त्याच्यावर ठेवली, की ती कधी चालू करेल आणि कधी बंद, हे आधीच्या स्थितीवर अवलंबून राहतं. ऑटोकॅडमधला एफ८ हे याचं नेहमीचं उदाहरण. ऑर्थो, म्हणजे रेषा फक्त आडवी-उभी जाऊ देणारी सोय, आधीच चालू असेल तर एफ८ तो बंद करतो, आणि सरळ समजून काढलेली भिंत अर्ध्या अंशाने तिरकी जाते. पॅडवर एफ८ ठेवू नका. ऑर्थोमोड हे सिस्टिम व्हेरिएबल लिहा, पुढे १, मग एंटर. सुरुवातीला एकेरी अवतरणचिन्ह द्या, म्हणजे लाइनची आज्ञा अर्धवट असतानाही ते मध्येच चालतं आणि लाइन मोडत नाही. दुसऱ्या बटणावर तेच शून्यासह. एका की-ऐवजी दोन बटणं खर्च होतात, पण प्रत्येक बटणाचा परिणाम ठरलेला राहतो.

थरांच्या बाबतीतही हेच धोरण. लेयरची आज्ञा नुसती पाठवली तर खिडकी उघडते आणि पुढच्या की कुठे पडतील याचा नेम राहत नाही. आज्ञेच्या आधी हायफन लावला की तीच आज्ञा कमांड लाइनवर चालते. तिथे सेटऐवजी मेक, म्हणजे एसऐवजी एम, हा पर्याय निवडा. सेटला थर अस्तित्वात असावा लागतो; नसेल तर आज्ञा अडकून राहते आणि पुढचं बटण तिच्याच घशात जातं. मेक थर नसल्यास तयार करतो, असल्यास तोच चालू करतो. मग थराचं नाव, एंटर, आणि आज्ञा संपवायला आणखी एक एंटर. भिंत, दार-खिडकी, मापं, मजकूर अशा चार थरांना चार बटणं दिली आणि दिव्यांचे रंग त्या त्या थराच्या रंगांशी जुळवले, तर बटणाकडे निरखून बघावंही लागत नाही. नाव मात्र एकदा नीट तपासून घ्या, कारण चुकीच्या स्पेलिंगचाही नवा थर मेक निमूटपणे बनवून देतो.

नवी आज्ञा सुरू करणाऱ्या प्रत्येक मॅक्रोची सुरुवात दोन एस्केपने करावी, त्यानंतर ०.०५ सेकंद विश्रांती. आज्ञेचं पूर्ण नाव लिहावं. छोटी नावं प्रत्येक संगणकावरच्या पीजीपी फाइलमध्ये वेगळी असू शकतात. जड ड्रॉइंगमध्ये की गळायला लागल्या तर विश्रांती ०.२ पर्यंत वाढवा. पॅडचा दोष नसतो, ऑटोकॅड मागच्या कामात गुंतलेला असतो.

मराठीत टाइप करणाऱ्यांसाठी एक अडचण खास आहे, आणि ती कुठल्याही मॅक्रोपॅडला लागू पडते. पॅड संगणकाला अक्षर पाठवत नाही, कीबोर्डवरच्या कीची जागा पाठवतो. त्या जागेवर कोणतं अक्षर आहे हे विंडोज ठरवते. मराठी इनस्क्रिप्ट ही कीबोर्डाची मांडणी चालू असताना पॅडने लाइन ही आज्ञा छोट्या रोमन अक्षरांत पाठवली, की कमांड लाइनवर ‘तगला’ उमटतं आणि ऑटोकॅड अनोळखी आज्ञा म्हणून ती फेटाळतो. ड्रॉइंगमध्ये मराठी मजकूर टाकून झाल्यावर भाषा बदलायला विसरलं की हटकून हे होतं. ऑल्ट-शिफ्टने भाषा बदलावी तर ती पुन्हा उलटापालटच, पॅडला चालू भाषा कळत नाही.

याला पक्का उपाय विंडोजमध्येच आहे. सेटिंग्जमध्ये टाइपिंगच्या प्रगत कीबोर्ड सेटिंग्जखाली इनपुट भाषांच्या हॉटकीज असतात. तिथे प्रत्येक भाषेला स्वतःचा शॉर्टकट देता येतो. इंग्रजीला डावा ऑल्ट-शिफ्ट-१ आणि मराठीला डावा ऑल्ट-शिफ्ट-२ असं ठरवा. मग ऑटोकॅडच्या प्रत्येक आज्ञेच्या आधी पॅडने ऑल्ट-शिफ्ट-१ पाठवायचा, सोडायचा, ०.१ सेकंद थांबायचं आणि पुढचं लिहायचं. आधी कोणतीही भाषा असो, आज्ञा इंग्रजीतच जाते. श्रीलिपीसारखा वेगळा कीबोर्ड-चालक वापरत असाल तर हाच प्रयोग आधी रिकाम्या फाइलवर करून बघा.

उलट गरजही असते. गाव-नकाशाच्या कोपऱ्यातल्या चौकटीत ‘मौजे’, ‘तालुका’, ‘गट क्रमांक’ हे शब्द पुन्हा पुन्हा घालायचे असतात, आणि ते एका बटणावर हवेत. पॅडच्या फाइलमध्ये देवनागरी मजकूर सरळ लिहिला तर चालत नाही. लायब्ररीला फक्त अमेरिकन कीबोर्डवरची अक्षरं ठाऊक आहेत, दुसरं अक्षर आलं की ती त्रुटी देऊन थांबते. त्यासाठी पॅडवरून एफ१३ ते एफ२४ या की पाठवा. नेहमीच्या कीबोर्डांवर त्या नसतात, त्यांना कोणत्याही भाषेत अक्षर नसतं, आणि त्या बरोबर बारा आहेत. संगणकावर ऑटोहॉटकी बसवून एफ१३ आला की ‘गट क्रमांक’ हा मजकूर टाका अशी स्क्रिप्ट लिहा आणि ती यूटीएफ-८ मध्ये साठवा. ऑटोहॉटकीच्या टेक्स्ट पद्धतीने पाठवलेली अक्षरं युनिकोडमध्येच जातात, तेव्हा चालू भाषा कोणती हा प्रश्न उरत नाही. ऑटोकॅडमध्ये टेक्स्ट स्टाइलला निर्मलासारखा देवनागरीचा ट्रूटाइप फॉन्ट द्यायला विसरू नका. ऑटोकॅडच्या स्वतःच्या नेहमीच्या एसएचएक्स फॉन्टमध्ये ही अक्षरं नसतात.

कोरलड्रॉमध्ये पॅडचा सर्वांत मोठा उपयोग छापखान्याला फाइल पाठवताना. सगळं निवडा, कंट्रोल-क्यूने मजकुराचे कर्व्ह, म्हणजे नुसते आकार, करा, हे काम पत्रिका-फ्लेक्स करणारा दिवसभर करत असतो. दोन्ही एका बटणावर ठेवता येतं, मध्ये ०.३ सेकंदांची विश्रांती देऊन. पण त्याच बटणात कंट्रोल-एस कधीही घालू नका. कर्व्ह झालेला मजकूर पुन्हा दुरुस्त करता येत नाही, आणि मूळ फाइलवर तो साठवला गेला तर आजोबांच्या नावातली वेलांटी बदलायला सगळी पत्रिका नव्याने जुळवावी लागेल. फाइल दुसऱ्या नावाने साठवणं हाताने करा, नंतर बटण दाबा. कर्सर मजकुराच्या आत असेल तर सगळं निवडाने फक्त तो मजकूर निवडला जातो, म्हणून आधी पिक टूलवर यावं. कुलूप लावलेल्या वस्तू निवडल्या जात नाहीत, त्यातला मजकूर तसाच राहतो आणि छापखान्यात फॉन्ट बदलून निघतो. पाठवण्याआधी कुलपं उघडा. हे बटण पॅडच्या कोपऱ्यात ठेवा, त्याचा दिवा लाल करा आणि स्पीकरचा छोटा सूर त्याला जोडा. स्पीकरचा एवढाच उपयोग आम्हाला पटला, पण तो खरोखर मोलाचा आहे.

फोटोशॉपमध्ये नॉबची आठवण येते, आणि इथे तयार कोडची मोठी उणीव उघडी पडते. हॉटकीजमध्ये नॉब फिरवला की एका सॉफ्टवेअरच्या पानावरून दुसऱ्याच्या पानावर जातो. दिवसातून चार-पाच वेळा लागणाऱ्या कामासाठी पॅडवरचा सर्वांत चांगला भाग अडवून ठेवला आहे. ते बदलून घ्या: नॉब दाबून फिरवला तर पान बदलावं, नुसता फिरवला तर ऑटोकॅडच्या पानावर माउसचं चाक फिरल्यासारखा झूम व्हावा आणि फोटोशॉपच्या पानावर चौकटी कंस जाऊन ब्रशचा आकार कमी-जास्त व्हावा. मुख्य फाइलमध्ये नॉबची जागा बदलल्यावर काय करायचं ते एकाच ठिकाणी लिहिलेलं आहे, तिथे नॉब दाबलेला आहे का ही अट घालून दोन फाटे करायचे. तेरावी ओळ, म्हणजे नॉब नुसता दाबल्यावर चालणारा मॅक्रो, रिकामी ठेवायची. नाहीतर पान बदलताना तो उगाच चालतो. दुसरा नॉब हवा असेल तर बोर्डावरच्या स्टेमा क्यूटी जोडणीला अ‍ॅडाफ्रूटचंच नॉबचं मॉड्यूल तारेने लावता येतं. रंगदुरुस्तीचं काम करताना बटणांचे दिवे अगदी मंद ठेवा किंवा बंदच करा. पडद्याशेजारचा निळा-हिरवा उजेड रंग पारखताना डोळ्याला फसवतो.

सर्किट बोर्ड आखण्याच्या कायकॅडला पॅडची गरज कमी. तिथे एक्सने ट्रॅक, व्हीने व्हाया, बीने झोन भरणं असे एकेरी अक्षरांचे शॉर्टकट आधीच डाव्या हाताखाली आहेत. त्रिमितीय डिझाइनच्या फ्यूजनचंही तेच. जी गोष्ट एका कीने होते ती पॅडवर नेऊन काही वाचत नाही. कॉपी, पेस्ट, अनडू यांनाही इथे जागा देऊ नये.

इतर पर्यायांपैकी एल्गाटोच्या स्ट्रीम डेकच्या प्रत्येक बटणावर स्वतःचा छोटा पडदा असतो आणि समोर कोणतं सॉफ्टवेअर आहे हे ओळखून तो पान आपोआप बदलतो. मॅक्रोपॅडला हे जमत नाही. मात्र स्ट्रीम डेकला संगणकावर त्याचं सॉफ्टवेअर चालू लागतं; मॅक्रोपॅडचं सगळं त्याच्या पोटात असतं, दुसऱ्या ऑफिसच्या संगणकाला लावला तरी तसाच चालतो. फक्त वर सांगितलेल्या ऑटोहॉटकीच्या ओळी तिथे नेऊन ठेवाव्या लागतात आणि विंडोजमधले भाषांचे शॉर्टकट तिथेही ठरवून घ्यावे लागतात. सहा-बारा बटणांचे स्वस्त चिनी पॅड तीन-चार साध्या शॉर्टकटांना पुरतात, पण मध्ये विश्रांती घेणारे लांब क्रम लिहायला त्यांच्यासोबतचं सॉफ्टवेअर तोकडं पडतं. स्वतः बनवायचा असेल तर प्रो मायक्रो हा छोटा कंट्रोलर बोर्ड, बारा स्विच, १एन४१४८ जातीचे बारा डायोड आणि कीबोर्ड चालवणारं क्यूएमके हे फर्मवेअर. तीन-चारच्या जाळीला सात पिना लागतात. काम एका संध्याकाळचं आहे. फक्त प्रो मायक्रोचा मायक्रो-यूएसबी सॉकेट केबलच्या ओढीने बोर्डापासून उखडतो, म्हणून आधीच त्याला इपॉक्सीचा आधार द्यावा. मॅक्रोपॅडवरही क्यूएमके चालतं, ज्याला ते येतं त्याने खुशाल वापरावं.

बिघाडांपैकी मोठा एकच. सर्किटपाय हा ड्राइव्ह असल्यामुळे फाइल पूर्ण लिहिली जाण्याआधी केबल ओढली की त्याची फाइलव्यवस्था मोडते. फाइल साठवल्यावर विंडोजमध्ये ‘सुरक्षितपणे काढा’ हा पर्याय निवडूनच पॅड सोडवा, आणि मॅक्रोजच्या फोल्डरची एक प्रत संगणकावर ठेवा. मोडलाच तर सर्किटपायथनच्या कन्सोलवरून स्टोरेजची इरेज-फाइलसिस्टिम ही आज्ञा देऊन ड्राइव्ह कोरा करता येतो. सगळं पुसलं जातं, म्हणून ती प्रत हवी. सततच्या नावांनी ओएलईडी पडदा काळांतराने जळतो, तेव्हा काही मिनिटं बटण दाबलं नाही तर तो बंद व्हावा अशी ओळ कोडमध्ये घालून घ्या.

बऱ्याच वास्तुविशारदांच्या आणि अभियांत्रिकी कंपन्यांच्या ऑफिसांत यूएसबी ड्राइव्ह लावायला बंदी असते, आणि पॅड लावताच सुरक्षा-सॉफ्टवेअर आरडाओरडा करतं. बूटच्या फाइलमध्ये यूएसबी ड्राइव्ह बंद करण्याची ओळ लिहिली की पॅड ड्राइव्ह म्हणून दिसत नाही, कीबोर्ड म्हणून चालत राहतो. ती ओळ अटीसह लिहा: सुरू होताना पहिलं बटण दाबलेलं असेल तर ड्राइव्ह चालू, नाहीतर बंद. अट न घालता लिहिली तर पुढे मॅक्रो बदलायला स्वतःलाही ड्राइव्हचं सोपं दार उरत नाही. ही फाइल फक्त रिसेटनंतर किंवा केबल काढून लावल्यावर वाचली जाते, नुसती साठवून फरक दिसणार नाही.

विकत घेताना नुसता बोर्ड आणि स्विच-कीकॅप-केससह संच असे दोन प्रकार दिसतील. घरी एमएक्स स्विच पडलेले नसतील तर संचच घ्या. परदेशातून मागवताना शिपिंग आणि सीमाशुल्क दोनदा भरण्यात अर्थ नाही. बोर्ड हलका आहे, नॉब दाबला की टेबलावर सरकतो. तळाला चार जाड रबरी पाय चिकटवावेत. डावीकडे आडवा ठेवून केबल बाजूला काढायची असेल तर कोडमध्ये रोटेशन ९० किंवा २७० द्या. पडदा आणि बटणांचे क्रमांक दोन्ही फिरतात. पण तयार कोडची मांडणी तीन रकान्यांची आहे, त्यामुळे आडव्या पॅडसाठी ती चार रकान्यांची करावी लागते, आणि फिरवलेल्या पडद्याची रुंदी ६४ पिक्सेलच उरत असल्याने नावांना सातऐवजी दोनच अक्षरं मिळतात.